'नाते' या रकान्यात काय लिहायचे? साठीनंतर राहायची जागा शोधणाऱ्या समलिंगी जोडप्यांसाठी

पहिल्याच संस्थेच्या कार्यालयात आमच्यापुढे चार पानी अर्ज आला. दुसऱ्या पानावर रकाना होता: 'अर्जदार क्र. २ चे अर्जदार क्र. १ शी नाते'. बँकेत छत्तीस वर्षे मी लोकांचे अर्ज तपासले. कोणता रकाना कोरा सोडला की अर्ज परत येतो, हे मला पक्के ठाऊक. तरी माझे पेन तिथेच अडले. शेजारी आमचे हे चहा फुंकत बसले होते. म्हणाले, "'इतर' लिही आणि चल."

माझ्या जोडीदाराला मी चारचौघांत 'मित्र' म्हणतो आणि घरात 'आमचे हे'. इथे घरातलाच शब्द वापरतो. मी अडुसष्ट वर्षांचा, ते बहात्तरचे, आणि आमचा संसार १९८९ पासूनचा. पुणे, तळेगाव, नाशिक, कर्जत असे फिरून दीड वर्षात आम्ही अकरा जागा पाहिल्या आणि बाराव्या जागेत राहायला आलो. तो रकाना बहुतेक ठिकाणी भेटला. त्यात काय लिहायचे आणि त्यामागे कोणते कागद उभे करायचे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, म्हणून हा लेख.

१. कसली जागा हवी, ते आधी ठरवा

'फक्त आपल्यासाठी' बांधलेली वसाहत शोधत वर्षे घालवू नका. परदेशात अशा जागा आहेत. हॉलिवूडमध्ये 'ट्रँगल स्क्वेअर' २००७ पासून, बर्लिनमध्ये 'लेबेन्सऑर्ट फिल्फाल्ट' २०१२ पासून, ब्रुकलिनमध्ये 'स्टोनवॉल हाउस' २०१९ पासून. पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेतल्या या इमारती कायद्यानेच सगळ्यांना खुल्या असतात, तिथे स्त्री-पुरुष जोडपीही राहतात. बर्लिनच्या घरातही शेजार मिश्र आहे. भिंती, लिफ्ट, जेवणघर इतरांसारखेच. कर्मचाऱ्यांना शिकवलेले असते आणि शेजारी कोण आहे याची आल्या दिवसापासून खात्री असते, एवढाच फरक. या दोन गोष्टी साध्या मराठी जागेतही थोड्याफार जमवता येतात.

आपल्याकडे तीन प्रकार दिसतात.

पहिला, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पात मालकीची सदनिका. दोघांच्या नावे खरेदीखत करता येते, त्यासाठी रक्ताचे नाते लागत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही सर्वांत भक्कम जागा. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदलेला आहे ना, ते पाहा. ज्येष्ठांच्या घरांसाठी महारेराने २०२४ साली बांधकामाचे निकष घातले आहेत: चाकाची खुर्ची जाईल असे रुंद दरवाजे, लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडे. जाहिरातीत 'ज्येष्ठांसाठी' लिहिले आणि न्हाणीघराला उंबरा ठेवला, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरा, ठेव भरून आणि महिन्याचे शुल्क देऊन राहायची निवासिनी. इथे तुम्ही मालक नसता, भाडेकरूही नसता. परवानगीने राहणारे असता. सगळे प्राण करारात अडकलेले, त्यावर पुढे बोलतो.

तिसरा, न्यासाचा वृद्धाश्रम. पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या दालनात. गंमत अशी की, दोन म्हातारे एका खोलीत राहिले किंवा दोन म्हाताऱ्या राहिल्या, तर इथे कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. खरी पंचाईत पारलिंगी व्यक्तीची होते. 'कोणत्या दालनात ठेवायचे?' हा प्रश्न कानावर आला की उठून यावे, असे मी म्हणेन. तो प्रश्न त्यांना आज सुटला नाही, तर तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर सुटणार नाही.

आम्ही चौथी वाट धरली. आम्ही दोघे, आमच्यासारखेच दुसरे एक जोडपे आणि बँकेतली माझी जुनी सहकारी (तिचे यजमान गेले, मुलगी कॅनडात) अशा पाच जणांनी मिळून एकाच निवासिनीत एकाच मजल्यावर तीन खोल्या घेतल्या. सहकारी बाई आमच्यातल्या नाहीत, पण आमचे सगळे त्यांना १९९४ पासून ठाऊक आहे. तीन खोल्या एकदम भरणार म्हटल्यावर व्यवस्थापकांचा आवाजच बदलला. एकेकटे गेलो असतो, तर अर्ज 'विचाराधीन' राहिले असते.

माणसे कुठून जमवायची? मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' १९९४ पासून आपल्या लोकांसाठी काम करतो, पुण्यात 'समपथिक ट्रस्ट'मुळे एकमेकांना ओळखू लागलेली बरीच मंडळी आहेत. मुंबईत पन्नाशी ओलांडलेल्यांचा 'सीनेजर्स' नावाचा गट आहे. आणि मुख्य म्हणजे आपल्यातले नसलेले तुमचे मित्र, भाचे, शेजारी. त्यांना विचारायला संकोचू नका. साठीनंतर एकटे पडणे ही काही फक्त आपली मक्तेदारी नाही.

२. कोणाला किती सांगायचे, ते घरून ठरवून निघा

६ सप्टेंबर २०१८ पासून आपले नाते गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क दिला नाही. या दोन तारखांच्या मधल्या जागेत आपण राहतो, आणि अर्जातला रकाना नेमका तिथलाच आहे.

'पती' लिहू नका. कायद्याने ते खरे नाही, आणि खोटी माहिती दिली म्हणून करार रद्द करायला संस्थेला आयते कारण मिळते.

'भाऊ', 'मावसभाऊ', 'आतेभाऊ' तर मुळीच लिहू नका. आमच्या ओळखीच्या एकाने एका आश्रमात 'मावसभाऊ' लिहून अकरा वर्षे सुखाने काढली. जोडीदार गेल्यावर कार्यालयाने मावशीचे नाव, गाव आणि नाते दाखवणारा कागद मागितला. मावशी नव्हतीच. तेवढ्यात खरा भाऊ सोलापूरहून आला आणि घड्याळ-अंगठीसकट सगळे घेऊन गेला.

'मित्र' खरे आहे, पण त्याला वजन नाही.

शेवटी आम्ही लिहिले: 'सहनिवासी व नामनिर्देशित प्रतिनिधी'. हे अक्षरशः खरे आहे, कारण त्यामागे कागद आहेत. आणि तोंडी व्यवस्थापकांना सांगितले, "आम्ही जोडीदार आहोत, छत्तीस वर्षे एकत्र आहोत." माझे मत असे की, व्यवस्थापक आणि तिथले डॉक्टर या दोघांना सांगावेच. भोजनगृहात जाहीर करायची गरज नाही. तिथे तसेही चार दिवसांत कळते.

३. जागा पाहायला दोनदा जा, दुसऱ्यांदा न सांगता

पहिल्या भेटीत व्यवस्थापक बाग दाखवतात. दुसऱ्यांदा जेवणाच्या वेळी जा, पैसे देऊन जेवा आणि वाढणाऱ्या मावशींशी बोला. रात्री तीन वाजता हाक मारली तर येणार त्या, व्यवस्थापक येणार नाहीत.

थेट विचारायचा धीर नसेल, तर आमचा प्रश्न वापरा: "समजा, लग्न न केलेल्या दोन मैत्रिणी एका खोलीत राहायला आल्या, तर चालेल का?" उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता ऐका. एका ठिकाणी बाई चटकन म्हणाल्या, "आहेत की आमच्याकडे, दुसऱ्या मजल्यावर, शाळेतल्या दोन बाई." तिथे आम्ही तासभर जास्त थांबलो. दुसऱ्या एका ठिकाणी विश्वस्त म्हणाले, "आमच्याकडे सगळे संस्कारी लोक आहेत." आम्ही चहा न घेता निघालो.

एवढे नक्की विचारा:
• अंघोळ घालायला, कपडे बदलायला पुरुष हवा की स्त्री, हे रहिवाशाला निवडता येते का?
• पारलिंगी रहिवाशाला त्याच्या नावाने हाक मारतील का? जुन्या आधारवर जुने नाव असले तरी?
• मुक्कामाला पाहुणा चालतो का, की फक्त 'रक्ताचे नातेवाईक'?
• दोघांपैकी एकाला शुश्रूषा विभागात हलवले, तर दुसऱ्याला भेटायच्या वेळा कोणत्या?
• औषधांची यादी कोण कोण पाहते?

शेवटचा प्रश्न एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांनी विशेष करून विचारावा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने या कारणावरून राहायला जागा नाकारणे बेकायदा आहे, आणि तुमच्या संमतीविना ही माहिती इतरांना सांगणेही.

शक्य असेल तर पंधरा दिवस पैसे देऊन राहून पाहा. आमच्या खोलीत दोन पलंग दोन भिंतींना लावलेले होते. पहिल्या रात्री ते जोडताना आवाज झाला, खालच्या आजोबांनी तक्रार केली. सकाळी सफाईवाल्या ताईंनी दोन्हींवर मिळून एकच मोठी चादर घातली आणि काही बोलल्या नाहीत. जागा आम्ही त्या चादरीवरून निवडली, असे आमचे हे सांगत फिरतात.

४. करार: इथे घाई केली तर पुढे रडाल

करार घरी आणा, वकिलाला दाखवा. ही पाच कलमे पेन्सिलीने शोधा.

मागे राहणाऱ्याचे काय? अनेक करारांत मुख्य निवासी एकच असतो आणि दुसरा त्याचा 'सोबती'. मुख्य निवासी गेला की सोबत्याने महिन्याभरात खोली सोडायची. आम्ही पाहिलेल्या एका मसुद्यात हे कलम शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात होते. दोघांनाही मुख्य निवासी करून घ्या. 'एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्यास त्याच अटींवर तहहयात राहण्याचा हक्क' हे वाक्य जसेच्या तसे घालून घ्या.

ठेव कोणाला परत? 'कायदेशीर वारसास' असे छापलेले असते. ते खोडून 'हयात निवाशास' लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला किंमत शून्य.

'कुटुंब' शब्दाची व्याख्या. पती, पत्नी, मुले एवढेच असेल, तर तिथे 'निवाशाने लेखी नेमलेली व्यक्ती' हे शब्द जोडायला सांगा. आमच्या संस्थेने दहा मिनिटांत जोडले. आधी कोणी मागितलेच नव्हते.

आणीबाणीत कोणाला कळवायचे. पहिले नाव जोडीदाराचे, दुसरे मित्राचे, तिसरे नातेवाईकाचे. क्रम महत्त्वाचा.

'वर्तणुकीच्या' कारणाने काढून टाकणे. 'संस्थेच्या मते अयोग्य वर्तन' असे मोघम कलम असेल, तर लेखी नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी मागा. देत नसतील, तर दुसरी जागा पाहा.

५. कागदपत्रे: रकान्यामागचे खरे वजन

आमची निळी फाइल अशी आहे. वेळ सगळ्यांत जास्त इथेच लागला, आणि आज सगळ्यांत शांत झोप तिच्यामुळेच लागते.

मृत्युपत्र. हिंदू उत्तराधिकार कायद्यात जोडीदाराला कुठेही स्थान नाही. मृत्युपत्र नसेल, तर वीस वर्षे न बोललेला पुतण्याही तुमच्या जोडीदाराच्या पुढे उभा राहतो. दोघांनी वेगवेगळी करा. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन कराच. त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखला जोडा की बुद्धी शाबूत आहे. नातेवाईकांना का वगळले, हे एका वाक्यात, न चिडता लिहा. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांची घरच्यांनी लग्ने लावून दिली होती. घटस्फोट झाला नसेल, तर पत्नी आजही पहिल्या वर्गाची वारस आहे. तिचाही विचार न्यायाने करा, तिचे आयुष्यही त्यात गेले आहे.

बक्षीसपत्राच्या नादी लागण्याआधी हिशेब करा. नवरा-बायकोला मुद्रांक शुल्कात मिळणारी सवलत आपल्याला मिळत नाही. शिवाय आयकर कायद्याच्या लेखी जोडीदार 'नातेवाईक' नाही, त्यामुळे वर्षाला ५०,००० रुपयांवरची भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. २०२५ साली एका जोडप्याने याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा कर नाही.

नामनिर्देशन. बँक, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, सोसायटी, सगळीकडे. पण नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती रक्कम सांभाळणारी असते. मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांत एकच नाव हवे, हे बँकेत बसून मी शेकडो लोकांना सांगितले आणि स्वतःचे २०२३ पर्यंत केले नव्हते.

संयुक्त खाते. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचे. शाखेत खळखळ झाली, तर ऑगस्ट २०२४ चे अर्थ मंत्रालयाचे स्पष्टीकरण छापून न्या: एलजीबीटी व्यक्तींना संयुक्त खाते उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला कोणतीही आडकाठी नाही. अशोकस्तंभ असलेला कागद टेबलावर ठेवला की खुर्ची आपोआप पुढे सरकते. शिधापत्रिकेसाठी जोडीदारांना एकाच कुटुंबात धरावे, असेही केंद्राने त्याच वर्षी राज्यांना कळवले आहे.

वैद्यकीय इच्छापत्र. सन्मानाने मरण्याच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या वेगळ्या निकालाने मिळालेला हक्क, जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. बरे होण्याची आशा संपल्यावर कोणते उपचार नकोत ते यात लिहायचे, आणि निर्णयासाठी पालक म्हणून जोडीदाराचे नाव घालता येते. प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक निवासिनीच्या डॉक्टरांकडे, एक भाच्याकडे.

मुखत्यारपत्र, आणि त्याचा सापळा. पुष्कळजण समजतात की मुखत्यारपत्र केले म्हणजे झाले. आपल्याकडे देणाऱ्याची बुद्धी गेली की साधे मुखत्यारपत्रही संपते. म्हणजे गरज पडते नेमकी तेव्हाच ते उपयोगाचे नाही. जोडीदार कोमात गेला, तर त्याच्या मालमत्तेसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून रोजचा खर्च संयुक्त खात्यातूनच चालेल असे आजच करा.

मानसिक आरोग्य कायदा, २०१७. साध्या कागदावर सही करून कोणाही सज्ञान व्यक्तीला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येते, नाते लागत नाही. स्मृतिभ्रंशाची भीती आपल्या वयात कोणाला नाही? आमच्या रकान्यातले शब्द इथूनच घेतले.

अंत्यविधीची इच्छा. कोणी अग्नी द्यायचा, कोणाला बोलवायचे, हे लिहून सही करा. जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, असे पत्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठवले आहे. नातेवाईक आहेत आणि भांडतात, अशा वेळी पत्र पुरत नाही. आमच्या ह्यांच्या धाकट्या बहिणीची लेखी संमती आम्ही आत्ताच घेऊन ठेवली. ती रडली, मग सही केली, मग जेवून गेली.

याशिवाय दोघांचे आधार, पॅन, पेन्शनचे कागद, आरोग्य विमा, छायाचित्रे आणि एकाच पत्त्यावरची जुनी बिले. १९९७ चे एक फोनचे बिल आम्ही जपून ठेवले होते, ते इथे कामाला आले.

६. पैशांचा हिशेब एकाच्या उत्पन्नावर करा

माझे निवृत्तिवेतन माझ्याबरोबर संपेल. कुटुंब निवृत्तिवेतन जोडीदाराला मिळत नाही. म्हणून महिन्याचे शुल्क दोघांच्या उत्पन्नातून भागते का, हे पाहून उपयोग नाही. मागे राहिलेल्या एकट्याला ते दहा वर्षे, दरवर्षी वाढत जाणाऱ्या दराने भरता येईल का, हे पाहा. शुल्कवाढीची मर्यादा करारात आकड्यांत मागा. आम्ही या हिशेबानेच मोठी खोली सोडून मधली घेतली.

जुने घर लगेच विकू नका. वर्षभर भाड्याने द्या. आणि घर कोणाला 'सांभाळ करील' या भरवशावर लिहून देणार असाल, तर सांभाळाची अट त्याच दस्तात स्पष्ट लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने असा दस्त रद्द करून मागता येतो, पण अट कागदावर नसेल तर खूप जड जाते.

७. राहायला गेल्यानंतरचा पहिला महिना

पहिल्याच आठवड्यात निळ्या फाइलची प्रत व्यवस्थापकांना द्या आणि पोच घ्या. दुसरी प्रत डॉक्टरांना. रात्रपाळीच्या परिचारिकेला फोननंबर स्वतः लिहून द्या, कारण कपाटातली फाइल रात्री कोणी उघडत नाही.

कोणी त्रास दिला, टोमणे मारले, तर तारखेसह लिहून व्यवस्थापनाला द्या. दाद लागली नाही, तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

सगळ्यांनी स्वीकारावे अशी अपेक्षा आम्ही ठेवली नव्हती. एक निवृत्त मामलेदार आजही आमच्या टेबलावर बसत नाहीत. उलट सहा महिन्यांनी पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी मला जिन्यात गाठले. त्यांचा नातू बंगळुरूला असतो, त्याने घरी काहीतरी सांगितले होते आणि घरात बोलाचाली बंद होत्या. "तुमच्या ह्यांना विचारून सांगा," त्या म्हणाल्या, "त्याला फोन केला तर आधी काय बोलू?"

आमचे हे तेव्हा खाली कॅरम खेळत होते. डाव अर्धा सोडून वर आले.